वाचकांचे प्रश्न : अंडं, पिल्लू, कोंबडा की तलंग?

दिवाळी झाली, हवा उतरली, की या सदराकडे अंडी उबवण्याच्या पत्रांची रांग लागते. यंदा इंदूर, महू आणि देवासकडून आलेल्या पत्रांत दोनच चिंता आहेत: पिल्लं का निघत नाहीत, आणि निघाली तर ती नेमकी कसली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून घरीच उबवणी यंत्र केलं. एप्रिलअखेर २४ गावठी अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी तीनच पिल्लं निघाली. दोन दिवस वाट पाहून बाकीची अंडी टाकून दिली. यंत्रावर तापमान कायम ३७.५ दिसत होतं. चुकलं कुठे?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : एकवीस अंडी टाकलीत, म्हणजे सगळा पुरावाच टाकलात. पुढच्या वेळी तेविसाव्या दिवशी न फुटलेलं प्रत्येक अंडं अंगणात नेऊन बोथट टोकाकडून फोडून बघा. नाकाला रुमाल बांधा, एखादं सडकं अंडं फटाक्यासारखं उडतं. आत नुसता बलक असेल, तर अंडं फलित नव्हतं किंवा पहिल्या एक-दोन दिवसांतच जीव गेला. रक्ताचं कडं दिसलं, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास मेलं. जुनी अंडी, प्रवासातले हिसके किंवा सुरुवातीलाच चढलेलं तापमान ही त्याची नेहमीची कारणं. पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण अंगाला पाणी-पाणी आणि अंड्यातली हवेची पोकळी लहान, म्हणजे आर्द्रता जास्त झाली. पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण आतला पापुद्रा सुकून त्याच्या अंगाला कागदासारखा चिकटलेला, म्हणजे हवा कोरडी होती किंवा शेवटच्या तीन दिवसांत झाकण वारंवार उघडलं गेलं. डोकं निमुळत्या टोकाकडे वळलेलं असेल, तर अंडं निमुळतं टोक वर करून ठेवलं गेलं होतं.

पुरावा हाती नसताना आमचा संशय एप्रिल-मेवर आहे. तिन्ही पिल्लं वेळेवर, एकविसाव्या दिवशी निघाली, म्हणजे सरासरी तापमान फारसं चुकलेलं नाही. सतत जास्त असतं तर एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच, ओल्या बेंबीची अशक्त पिल्लं निघाली असती. सतत कमी असतं तर बावीस-तेवीस दिवस लागले असते. बिघडले ते दुपारचे काही तास. खोलीतच चाळीस अंश असले की थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. थंड करणं त्याच्या हातात नसतं. शिवाय दोन आठवड्यांनंतर अंड्यातला जीव स्वतःही उष्णता सोडतो, त्यामुळे अंडं भोवतालच्या हवेपेक्षा अंशभर गरमच असतं. गार पडलेलं अंडं बऱ्याचदा सावरतं, तापलेलं सावरत नाही. चाळिशीच्या वर काही तास गेले की खेळ संपतो. म्हणून मार्चअखेर ते जूनपर्यंत घरगुती खोक्यात अंडी ठेवू नयेत, आणि ठेवायचीच असतील तर तळमजल्यावरच्या, दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीत. यंत्राभोवतालची खोली २४ ते २७ अंशांत असली की स्वस्तातला थर्मोस्टॅटही इमानदारीत काम करतो.

आता खोक्याचं. चोवीस अंड्यांना साधारण ४५ बाय ३५ सेंटिमीटरचं, ३० सेंटिमीटर उंचीचं थर्माकोलचं खोकं पुरतं. ४० वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब लावा. एलईडी बल्ब नको, तो उजेड देतो, ऊब देत नाही. दोन्ही बल्ब समांतर जोडा, म्हणजे मध्यरात्री एक गेला तरी दुसरा चालू राहतो. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा हवा फिरवायला. थर्मोस्टॅट म्हणून इंदुरातल्या महाराणी रोडवर मिळणारा डब्ल्यू १२०९ चालतो, पण त्यातल्या दोन सेटिंग न बदलताच तो लावला जातो आणि तिथेच घोळ होतो. एक, तो ‘थंड करणे’ या पद्धतीवर लावलेला असू शकतो. पी-० मध्ये जाऊन ‘एच’ करा. दोन, पी-१ हा चालू-बंदमधला फरक कारखान्यातून २ अंशांवर येतो. ३७.५ ला बंद झालेला बल्ब ३५.५ ला पुन्हा लागतो, आणि तुम्हाला मात्र वाटत राहतं की ३७.५ कायम आहे. तो फरक ०.२ वर आणा. सेन्सर बल्बसमोर लोंबकळत ठेवू नका. अंड्यांच्या उंचीवर, बल्बचा थेट झोत लागणार नाही असा बांधा. बल्बची २३० व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, कारण शेजारीच पाण्याचं भांडं असतं.

सेन्सर खरं बोलतो का, तेही एकदा तपासा. वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर आणि सेन्सर शेजारी-शेजारी बुडवा. दोघांत ०.४ चा फरक आला, तर तो कागदावर लिहून खोक्यालाच चिकटवा आणि तेवढं धरून तापमान लावा. पंखा असेल तर ३७.५ ते ३७.८. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या टोकापाशी ३८.५ ते ३९, कारण पंख्याविना खोक्यात गरम हवा वर साचते आणि अंड्याचा खालचा भाग गारच राहतो.

प्रश्न : कुणी सांगतं, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. कुणी म्हणतं, पाणी ठेवूच नका. माझा आर्द्रतामापक स्वस्तातला आहे, त्याच्यावर भरवसा नाही. कोणाचं ऐकायचं?
— देवास

उत्तर : वजनकाट्याचं. आर्द्रता ठरवायची ती अंड्यातून रोज थोडं-थोडं पाणी उडून जावं म्हणून. ते किती उडालं हे थेट मोजता येत असताना मापकाच्या काट्याकडे बघत बसायचं कारण नाही. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. समजा तुमची दहा अंडी मिळून ४२० ग्रॅम भरली. बारा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, अर्थात रोज पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. सातव्या दिवशी ४०० ग्रॅम भरलं तर गाडी रुळावर आहे. ४०८ भरलं, तर पाणी कमी उडतंय, भांडं लहान करा किंवा काढूनच टाका. ३९० भरलं, तर फार वेगाने सुकतंय, भांडं पसरट करा. पसरट म्हणालो, खोल नाही. पाण्याचा जेवढा पृष्ठभाग हवेला लागतो तेवढीच वाफ होते, खोल गडव्यात दोन लिटर भरलं तरी उपयोग शून्य. घट कमी पडली तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी आतच गुदमरतं.

दोन्ही सल्ले आपापल्या महिन्यात बरोबर आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा इतकी ओली असते की पाणी न ठेवताही खोक्यात पुरेशी आर्द्रता मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी न ठेवणं म्हणजे अंडी वाळत घालणं. अठराव्या दिवसानंतर मात्र ऋतू कोणताही असो, ६५ ते ७० टक्के हवेतच. अंडी फिरवणं बंद, झाकण बंद.

मापक तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओलसर चिखलासारखं करा, आणि ते झाकण व मापक एका डब्यात घट्ट बंद करून आठ-दहा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. मापक ६८ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सात मिळवा.

प्रश्न : दुकानातली पांढरी अंडी उबवली तर पिल्लं निघतील का? शाळेच्या प्रकल्पासाठी मुलगा हट्ट धरून बसलाय.
— वैशाली नगर, इंदूर

उत्तर : नाही. त्या फार्मवर कोंबडाच नसतो, त्यामुळे अंडी फलित नसतात. ज्यांच्याकडे आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे अशा घरून अंडी घ्या. कळपात कोंबडा नवा आला असेल तर दोन आठवडे थांबा. अंडी सात दिवसांच्या आतली असावीत, निमुळतं टोक खाली करून थंड कोपऱ्यात ठेवलेली. फ्रिजमध्ये नको. धुऊही नका, टरफलावरचा नैसर्गिक लेप गेला की जंतू आत जातात. शेणाने माखलेलं अंडं सरळ भाजीत घाला.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च बोथट टोकाला लावून मुलाला दाखवा. काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या निघालेल्या लाल शिरा दिसतील. ठिपका हलतोसुद्धा. प्रकल्पाला एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : अंड्याला भोक पडून बारा तास झाले, पिल्लू चिवचिवतंय पण बाहेर येत नाही. आईने टरफल सोलून मदत केली, तर रक्त आलं आणि पिल्लू दगावलं. मदत करायचीच नाही का?
— महू

उत्तर : पहिलं भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणं अगदी रीतीचं आहे. बाहेरून ते निपचित पडल्यासारखं दिसतं, पण आत दोन कामं चालू असतात: पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेणं आणि उरलेला बलक पोटात घेणं. ती पुरी व्हायच्या आत टरफल सोललं की उघड्या शिरा फाटतात. आईंनी पाहिलेलं रक्त हेच.

चोवीस तास उलटले, भोक तेवढंच राहिलं आणि कडेचा पापुद्रा पिवळट, चामड्यासारखा झाला, तरच हात लावा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा आणि भोकाभोवतीचं टरफल नखाएवढं काढा. लाल शीर दिसली की थांबा, अंडं परत ठेवा, सहा तासांनी बघा. एका अंड्यासाठी झाकण उघडलंत की बाकीच्यांची हवा कोरडी होते, म्हणून त्यांच्यावर आधी कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. निघालेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.

प्रश्न : कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली किती अंडी ठेवावीत? यंत्र बरं की कोंबडी?
— रामबाग, इंदूर

उत्तर : बारा अंड्यांपर्यंत कोंबडी. तिच्या हाताखाली तापमान, आर्द्रता, फिरवणं सगळं फुकट होतं. गावठी कोंबडीच्या पंखाखाली दहा ते बारा मावतात. त्यापुढे घातलीत तर कडेची आळीपाळीने गार पडतात आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान होतं. खरी खुडूक आहे का ते आधी पाहा: दोन-तीन दिवस तिच्याखाली साधी अंडी ठेवा, रात्रीही उठली नाही तर उबवायची अंडी घाला, सगळी एकाच दिवशी. टोपलीत तळाला ओंजळभर माती, वर गव्हाचं काड. बसवण्याआधी पिसांखाली उवा-गोचीड बघून घ्या. उवांनी हैराण झालेली कोंबडी मधूनच बैठक मोडते. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठून दाणापाणी करेल. तिला हुसकू नका, जबरदस्तीने बसवूही नका.

प्रश्न : डिसेंबरात पिल्लं छान निघाली, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज एक-दोन मरू लागली. खोक्यात वर्तमानपत्र, बल्ब, तांदळाची कणी आणि पाणी ठेवलं होतं.
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : चारही गोष्टी बदला. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. त्याऐवजी गोणपाट, आणि चौथ्या दिवसापासून त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढून कोंडाळं केलं तर थंडी, भिंतीला टेकून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकाडा, सगळीकडे पसरून चरत असतील तर ठीक. इंदुरातल्या डिसेंबरच्या रात्री पहाटे चार वाजता उठून एकदा बघाच. बहुतेक पिल्लं त्याच वेळेला कोंडाळ्यात चेंगरून मरतात, आणि सकाळी दोष पाण्याला दिला जातो.

कणी हे पोट भरणं झालं, वाढ नाही. पहिले काही तास कोमट गूळपाणी आणि मक्याचा बारीक भरडा, मग वीस टक्क्यांच्या पुढे प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, नाहीतर पिल्लू त्यातच बुडतं. गुदद्वार विष्ठेने लिंपलं गेलं असेल तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, ओढू नका. सातव्या दिवसाच्या आसपास राणीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर-शंभर मात्रांची येते, म्हणून ओळखीच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं.

गच्चीवर पिल्लं ठेवणाऱ्यांनी वरून बारीक जाळी ताणावी. मांजर आणि घार ही कारणं आहेतच, पण कावळ्यांना खाद्याजवळ फिरकू न देणं हेही आहे. २०२१च्या जानेवारीत इंदुरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू सापडला होता.

प्रश्न : हाटातून ‘असली कडकनाथ’ म्हणून वीस चूजे आणले. काळे आहेत. दोन महिन्यांनी काहींच्या अंगावर सोनेरी रेघा, काहींचे पाय पिवळट झाले. फसलो का? विकणारा म्हणतो, असली कडकनाथ काळं अंडं देते.
— राऊ

उत्तर : काळ्या अंड्याची गोष्ट सांगणाऱ्याकडून पुन्हा काहीच घेऊ नका. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, मलईच्या रंगाकडे झुकणारं असतं. काळेपणा अंड्याच्या टरफलात नाही, पक्ष्याच्या कातडीत, मांसात, हाडांच्या आवरणात आहे. झाबुआ भागात तिला कालामासी म्हणतात ते त्यामुळेच, आणि २०१८ मध्ये झाबुआला मिळालेलं भौगोलिक मानांकन आहे तेही या काळ्या मांसाचं.

सोनेरी रेघांची काळजी नको. कडकनाथमध्ये पिसांचे तीन प्रकार आहेत: गडद काळा, पेन्सिलने रेघा ओढल्यासारखा आणि सोनेरी. उलट पिसं कुळकुळीत काळी असणं हा काहीच पुरावा नाही. ऑस्ट्रलॉर्पही काळीभोर असते, पण तिच्या पायाचे तळवे आणि कातडी पांढरी, तुरा लालबुंद. तपासायचं ते इथे: चोच उघडून जीभ आणि टाळू, तळवे उलटे करून तळव्याची कातडी, आणि पोटावरच्या पिसांत फुंकर मारून खालची कातडी. सगळीकडे राखाडी-काळी झाक हवी. तुरासुद्धा जांभळट-काळा.

पाय पिवळट झालेले पक्षी मात्र नक्की मिश्र. आणि इथे एक खाच आहे, तीच विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. कातडीत काळा रंग उतरू न देणारा एक प्रबळ जनुक ऱ्होड आयलंड रेड (आरआयआर), लेगहॉर्न अशा पिवळ्या पायांच्या जातींत असतो आणि तो लिंगगुणसूत्रावर बसलेला आहे. कोंबडा कडकनाथ आणि कोंबडी आरआयआर असेल, तर कोंबडीचा हा जनुक फक्त मुलग्यांकडे जातो. मुलगे उजळ पायांचे, मुली काळ्या पायांच्या. म्हणजे उजळ पाय दिसले तर भेसळ नक्की, पण काळ्या पायांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) शुद्ध असेलच असं नाही. तिचा भाऊ बघितल्याशिवाय बोलू नये. तुमच्या वीसमधले पिवळट पायांचे सगळे नरच आहेत का, ते चौथ्या महिन्यात मोजा. तसं निघालं तर बाप कडकनाथ आणि आई दुसरी. नर-मादी दोन्ही उजळ निघाले तर उलटं: आई कडकनाथ, बाप दुसरा.

वाढीचा वेगही चुगली करतो. कडकनाथ हळू वाढते. पाच महिन्यांत किलोच्या आसपास. दहा आठवड्यांत दीड किलो भरणारा पक्षी कडकनाथ नाही, विकणारा काहीही म्हणो. शुद्ध पिल्लं हवी असतील तर ती झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात तयार होतात. तिथून अंडी आणणार असाल तर दीडशे किलोमीटरचा रस्ता धरून, घरी पोचल्यावर निमुळतं टोक खाली करून एक दिवस विसावू द्या आणि मगच यंत्रात ठेवा. स्वतःच पैदास करायची असेल तर दुसरा कोंबडा बाजूला केल्यावर तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका. कोंबडीच्या अंगात आधीच्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस टिकतं.

प्रश्न : एक पिल्लू मानेला लव नसलेलं निघालं. पुढे गळ्यावर फक्त एक झुपका आहे. हा आजार आहे का?
— बेटमा

उत्तर : आजार नाही, उघड्या मानेची जात आहे. झुपका आहे म्हणजे हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला. दोघांकडून आला असता तर मान जवळपास पूर्ण उघडी असती. पिसं कमी असल्याने मे महिन्यात हाच पक्षी सर्वांत निवांत राहील. जपून ठेवा.

प्रश्न : पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखायची खात्रीची युक्ती सांगा. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते असं आमच्याकडे म्हणतात. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरतात. इंटरनेटवर पंख उघडून बघायला सांगतात. तापमान कमी ठेवलं तर माद्या जास्त निघतात हेही ऐकलंय.
— दोन वाचक, सुदामा नगर व उज्जैन

उत्तर : सुई आणि आकार दोन्ही सोडून द्या. एक कोंबडी जन्मभर जवळपास एकाच आकाराची अंडी देते. आकारावरून लिंग ठरत असतं, तर लांबट अंडी देणाऱ्या कोंबडीला आयुष्यभर मुलगेच झाले असते. कोंबड्यांत लिंग आईच्या बीजावर ठरतं आणि अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. तापमान बदलून ते पालटत नाही, पिल्लं तेवढी मरतात. (कासव आणि मगरीत तापमानाने लिंग ठरतं, तिथून ही समजूत आली असावी.)

पंखाची युक्ती खरी आहे, पण सगळ्यांना लागू नाही. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरचीपेक्षा ठळक लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर. हे जमतं ते बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची असेल तेव्हाच. हॅचरीवाले मुद्दाम अशी जोडी लावतात. गावठी कळपात या पद्धतीने नाणं उडवण्याइतकाच भरवसा मिळतो.

गुदद्वार उघडून आतला बारीक उंचवटा बघण्याची पद्धत १९२०च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. ती हातात बसायला महिनोन्‌महिने सराव लागतो, आणि नवख्याचा अंगठा जोरात दाबला गेला तर पिल्लाच्या पोटातला बलक फुटतो. घरी करू नका.

घरी जमेल असं एकच आहे: आईबापांची जोडी निवडणं. आडव्या पांढऱ्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि लाल आरआयआर कोंबडा. पिल्लं काळ्या लवेची निघतात; डोक्यावर पांढरा ठिपका असलेलं ते नर, ठिपका नसलेली ती मादी. किंवा वर राऊच्या पत्रात सांगितलेली कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबडी ही जोडी; तिथे पायांच्या नळ्यांचा रंग काही आठवड्यांत स्पष्ट होतो. जोडी उलटी करून चालत नाही. आणि ही युक्ती पहिल्या पिढीपुरतीच. त्या पिल्लांची आपसात पैदास केलीत की रंग काहीही सांगत नाही. तपकिरी अंड्याच्या व्यावसायिक लेयर कोंबड्यांची पुढची पिढी घरी काढणारे इथेच गोंधळतात.

बाकी गावठी पिल्लांसाठी कॅलेंडर: चार ते सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि गुलाबी दिसू लागतो, पाय जाड. कडकनाथमध्ये तुरा लाल होत नाही, तिथे आकारच बघायचा. दहा ते बारा आठवड्यांत शेपटीच्या मुळाशी, पाठीवर येणारी पिसं पाहा: टोकदार, चकाकती, खाली ओघळणारी असतील तर नर, गोल टोकाची असतील तर मादी. ही खूण चुकत नाही.

प्रश्न : बारा पिल्लांत आठ कोंबडे निघाले. अंडी देणाऱ्याने मुद्दाम कोंबड्यांचीच अंडी दिली, असं घरात सगळ्यांचं मत आहे. वर पहाटे चारला आठही एकदम आरवतात, शेजारी बोलत नाहीत.
— रामबाग, इंदूर

उत्तर : देणाऱ्याला ते ठरवता येत असतं, तर त्याने माद्या स्वतःकडे ठेवण्यासाठी हॅचरी काढली असती. नर-मादी निम्मेनिम्मे येतात, पण ते शेकड्यांत. बारा पिल्लांत आठ किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता १९ टक्के आहे, म्हणजे दर पाच खेपांत एकदा. तुमची ती खेप होती.

चार तलंगांना एक कोंबडा पुरे. आठांत पाय सरळ, छाती रुंद आणि दाणा टाकल्यावर स्वतः न खाता माद्यांना बोलावणारा जो असेल तो ठेवा. उरलेले सात पाचव्या महिन्याच्या आत हलवा. त्यानंतर ते आपसात रक्त काढतात आणि तलंगांच्या पाठीवरची पिसं उपटतात. तोवर रात्री आठांनाही काळं कापड टाकलेल्या, हवेशीर पण उजेड न येणाऱ्या खुराड्यात ठेवा. आरवणं बंद होणार नाही, पण मोकळ्या गच्चीवरून येतो तेवढा आवाज शेजारी जाणार नाही.